पिंपातले पाणी सोडून बाटलीतला कापूर

मार्च संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन गटांतून आला, त्यांपैकी एका गटात तर दोनदा. ‘उन्हाळ्यात डास-किडे चावू नयेत म्हणून घरगुती, रसायनमुक्त, शंभर टक्के खात्रीचे उपाय’ असे त्याचे शीर्षक आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी: उन्हाळ्यातले डास फक्त झोपमोड करतात, डेंग्यू हा पावसाळ्याचा आजार आहे, म्हणून सध्या रात्रीपुरती काळजी पुरे, कॉइलचा धूर टाळावा आणि डास पळवणाऱ्या विजेवरच्या यंत्राच्या रिकाम्या बाटलीत कडुलिंबाचे तेल आणि कापूर भरावा, दुकानातली डासांची मलमे विषारी असल्याने मुलांना कधीही लावू नयेत, त्याऐवजी कापूर घातलेले खोबरेल चोळावे, रक्त गोड असणाऱ्यांनी रोज लसूण खावा आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात, मोबाइलमधले आवाज काढणारे ॲप सुरू ठेवले की डास पळतात, मधमाशी चावली तर नांगी चिमटीने काढू नये, आणि धुराची गाडी येऊन गेली की आठवडाभर चिंता नाही. संदेश पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, कारण बहुतेकांनी तो घरातल्या लहानग्यांच्या काळजीपोटीच पुढे धाडला आहे. परंतु यांतली बहुतेक विधाने चुकीची आणि काही सरळ धोक्याची असल्यामुळे त्यांना एकेक करून उत्तर देणे भाग आहे.

पहिले विधान सर्वांत निरुपद्रवी वाटते आणि माझ्या मते तेच सर्वांत जास्त नुकसान करते, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या डासांची गल्लत झाली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी नदीकाठी जे थवे उठतात आणि रात्री कानाशी गुणगुणतात, ते मुख्यतः क्युलेक्स जातीचे डास होत. सांडपाणी, तुंबलेली गटारे आणि जलपर्णीने झाकलेले संथ पाणी ही त्यांची जागा. नदीचा प्रवाह आटला की त्यांना सुगीचे दिवस येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी परिसरात नदीवर उठलेल्या थव्यांच्या वावटळीची चित्रफीत देशभर फिरली होती, ती अनेकांना आठवत असेल. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडीस इजिप्ती मात्र अशा घाण पाण्याकडे सहसा फिरकत नाही. त्याला घरातले साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते, तो जन्मभर फार तर काहीशे मीटरच्या परिघात वावरतो, आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व दुपार कलल्यावर. म्हणजे ‘रात्रीपुरती काळजी’ घेणारा माणूस ज्या डासामुळे डेंग्यूचा ताप येत नाही त्याच्यासाठी मच्छरदाणी लावतो आणि ज्याच्यामुळे येतो त्याच्यासमोर सकाळी उघड्या पायांनी वर्तमानपत्र वाचत बसतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात हे खरे आहे. पण त्या डासांची बेगमी उन्हाळ्यात आपणच करून ठेवतो. खडकवासल्याचा साठा खालावला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते, देखभालीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद राहते, आणि घरोघरी पिंपे, बादल्या, घमेली भरली जातात. त्यांत कूलरच्या टाकीची आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या थाळ्यांची भर पडते. एडीसची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, तीही पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणूनच महापालिका आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगते. त्यात अनेकजण एक चूक करतात: पिंप उपडे करतात आणि लगेच भरतात. भिंतीला चिकटलेली अंडी त्यामुळे हलत नाहीत. काथ्याने किंवा ब्रशने आतली बाजू खसखसून घासावी लागते. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांना घट्ट झाकण किंवा बारीक जाळी, आणि बागेतल्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे, एवढे पुरते. संदेशातल्या सगळ्या सूचनांमध्ये पाण्याचा उल्लेख एकदाही नाही, हे मला फार बोलके वाटते. झिकासारखा आजार आपल्यापासून दूरचा आहे असेही कोणी समजू नये: राज्यातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला होता आणि २०२४ च्या जूनमध्ये तो थेट पुणे शहरातल्या एरंडवण्यात आढळला.

आता ती कापराची बाटली. विजेवरच्या या यंत्रातली तापणारी कडी ठरावीक द्रव आणि ठरावीक वात यांच्यासाठी बनवलेली असते. कापूर हा किती सहज पेट घेतो हे देवघरात आरती करणाऱ्याला सांगायला नको. असा ज्वालाग्राही पदार्थ तेलात विरघळवून रात्रभर विजेच्या तापत्या कडीखाली, बहुधा पडद्याशेजारच्या सॉकेटमध्ये, ठेवून झोपणे हा अविचार आहे. शिवाय ‘रसायनमुक्त’ हा शब्द येथे निरर्थक आहे, कारण कापूरही रसायनच आहे आणि बंद खोलीत त्याची वाफ श्वासावाटे आतच जाते. संदेश लिहिणाऱ्याचा अगरबत्तीसारख्या जळणाऱ्या कॉइलवरचा राग मात्र मला मान्य आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे मोजले गेले होते. पण धुराला पर्याय म्हणून आग जवळ करण्यात शहाणपण नाही.

कडुलिंबाची बाजू थोडी वेगळी आहे आणि तिला न्याय द्यायला हवा. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून अंगाला लावले, तेव्हा हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाल्याचे त्यांनी नोंदवले. तो प्रयोग तेल त्वचेला लावून केला होता, बाटलीत उकळून नव्हे. आणि त्यातला ठळक निष्कर्ष ॲनोफिलीसबद्दल होता, तर पुण्यातले आपले दुखणे एडीस आणि क्युलेक्स हे आहे. गॅलरीतल्या तुळशीच्या किंवा गवती चहाच्या कुंडीने डास दूर राहतात हा समज तर याहून पोकळ आहे. पान चुरगळल्याशिवाय त्यातले तेल हवेत फारसे येत नाही, आणि कुंडीखालच्या थाळीत साचलेले पाणी मात्र डासांना खुले आमंत्रण देते.

मलमांविषयीचे विधान पालकांना विनाकारण घाबरवणारे आहे. अशा मलमांतले डीट हे डास दूर ठेवणारे द्रव्य १९४६ मध्ये अमेरिकी लष्करासाठी तयार झाले आणि १९५७ पासून सामान्य लोक ते वापरत आहेत, म्हणजे त्याच्या सुरक्षिततेचा अनुभव जवळपास सात दशकांचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन महिन्यांहून मोठ्या मुलांना ३० टक्क्यांपर्यंतचे डीट लावण्यास हरकत घेत नाही. त्याहून लहान बाळासाठी मच्छरदाणी हाच मार्ग. इकॅरिडीन हाही चांगला पर्याय आहे. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून बनवलेले औषध तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, हे मात्र ‘नैसर्गिक’ शब्दाला भुलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २००२ मध्ये अमेरिकेत बंद पिंजऱ्यातल्या डासांवर निरनिराळ्या उत्पादनांची तुलना झाली, तेव्हा सुमारे २४ टक्के डीटने सरासरी पाच तास संरक्षण दिले, सिट्रोनेला या सुगंधी गवती तेलाची बहुतेक उत्पादने वीस मिनिटांच्या आत निष्प्रभ ठरली, आणि मुलांच्या मनगटाला बांधण्याच्या सुगंधी पट्ट्यांनी मिनिटभरही साथ दिली नाही. मलम लावण्याची रीत सोपी आहे: आधी उन्हापासून बचावाचे क्रीम, मग हे, डोळे, तोंड, जखमा आणि लहान मुलांचे तळहात टाळायचे, कपड्यांच्या आत लावायचे नाही, घरी आल्यावर साबणाने धुऊन टाकायचे. याउलट ज्या कापराच्या तेलाची शिफारस संदेश करतो, तो कापूर लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. बाळाच्या अंगाला चोळलेले तेल हात चोखताना तोंडात जाते, हे कोणत्याही आईला ठाऊक असते.

गोड रक्त, लसूण आणि बी-१ यांना फार वेळ द्यायची गरज नाही. डास माणसाला हुडकतो तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेवरचा गंध यांवरून. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की काही माणसांच्या त्वचेवर विशिष्ट आम्ले जास्त असतात आणि एडीस त्यांच्याकडेच अधिक ओढला जातो. त्याचा साखर खाण्याशी संबंध नाही. लसूण खाऊन डासांसमोर बसवलेल्या माणसांना इतरांपेक्षा कमी चावे बसले नाहीत, आणि पोटात घेण्याचे कोणतेही डासप्रतिबंधक औषध परिणामकारक नाही असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ मध्येच दिला. लसूण आमटीत घालावा, त्याला कोणाचीच ना नाही.

ॲपबद्दल तर एवढेच सांगणे पुरे की २००७ मध्ये आवाजाने डास पळवणाऱ्या उपकरणांच्या दहा क्षेत्रीय चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि एकीतही चावायला येणाऱ्या डासांची संख्या घटलेली आढळली नाही. त्यापेक्षा डोक्यावरचा पंखा उपयोगी आहे, कारण डास दुबळा उडणारा आहे आणि वाऱ्याने आपल्या उच्छ्वासाचा मागही विस्कटतो.

मधमाशीचा मुद्दा डासांच्या यादीत का आला कोण जाणे, पण उन्हाळ्यात सिंहगडाकडे किंवा शिवनेरीकडे जाणाऱ्यांसाठी तो कामाचा आहे. चिमटीने नांगी धरल्यास विष पिचकारीसारखे आत जाते, म्हणून एटीएम कार्डाने खरवडावे, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात होता. १९९६ मध्ये अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष डंख घेऊन तो तपासला, तेव्हा नांगी कशी काढली याने त्वचेवर उठणाऱ्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. फरक पडला तो काढायला किती सेकंद लागले याने. पाकिटात कार्ड शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा नखाने, बोटाने, जमेल तसे लगेच काढावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आग्या मोहोळ उठले असेल तर तेथे थांबून नांगी काढत बसू नये. डंखाबरोबर सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माश्यांना बोलावतो, त्यामुळे तोंड झाकून गाडीत किंवा बंद खोलीत शिरणे आधी. घसा आवळणे, ओठ-जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर चुना-हळद लावत न बसता रुग्णालय गाठावे.

राहिली धुराची गाडी. ती आली की गटावर अंगठे उमटतात, आणि न आली तर नगरसेवकाच्या नावाने खडे फोडले जातात. त्या धुराने त्या क्षणी हवेत उडत असलेले डास मरतात, तेही धूर पोहोचला तिथलेच. एडीस बहुतेक वेळ घरातच, पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटातल्या कपड्यांत बसून असतो, आणि गाडी येताच आपण दारे-खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळ्यांना धुराचे काहीच वाटत नाही. गुरुवारच्या पाणीबंदसाठी बुधवारी भरलेले आणि तसेच विसरलेले पिंप बाल्कनीत उभे असेल, तर त्यातली नवी तुकडी पुढच्या आठवड्यात, गाडी गेल्यानंतर, बाहेर पडेल.