टर्नओव्हर म्हणजे नफा नव्हे हो!

दांडिया बाजारात आपल्या मंडळींच्या फोनवर एक मेसेज फिरतोय की टर्न म्हणजे वळणं, म्हणून वळून घरी येतो तो नफा म्हणजे टर्नओव्हर, आणि तो ४० लाख होईपर्यंत जीएसटी नंबर नको. साफ चूक, ४० लाखांची मर्यादा नफ्यावर नाही, माल विकणाऱ्यांच्या टर्नओव्हरवर आहे. टर्नओव्हर म्हणजे वर्षाची एकूण विक्री, उधारीवर दिलेला मालसुद्धा धरून, त्यातून बेसन-तेल-भाडं काहीच वजा होत नाही. ४५ लाखांचं फरसाण विकलं आणि हातात जेमतेम ४ लाख उरले तरी नंबर घ्यावाच लागणार! एकाच पॅनवर दोन दुकानं असतील तर दोन्हींची बेरीज करायची, करमाफ मालाची विक्रीपण त्यातच (हे कोणी सांगतच नाही). सर्व्हिसवाल्यांना तर मर्यादा २० लाखच आहे.