गरजतो आणि पडतोही

बायकोला दिसेल त्याचा फोटो काढायची सवय आहे. बाहेर पडताना बंद केलेल्या गॅसच्या बटणाचा, गाडी लावली त्या खांबावरच्या नंबराचा, औषधाच्या पट्टीचा, कुणी चिठोऱ्यावर लिहून दिलेल्या पत्त्याचा. त्यामुळे 'स्टोरेज भरत आलंय, मोठा प्लॅन घ्या' असा निरोप तिच्या फोनवर आला तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. मी एवढंच म्हणालो, की आपलेच फोटो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि वर दर महिन्याला भाडं भरायचं, हे मला पटत नाही. आपण स्वतःचा क्लाउड उभारू.

"त्यापेक्षा मी थोडे फोटो डिलीट करू का?"

इथे हो म्हणून विषय मिटवता आला असता. शहाण्या माणसाने एक हार्ड डिस्क आणली असती. मी ओपनस्टॅक निवडलं, म्हणजे अनेक सर्व्हर जोडून त्यांचा क्लाउड चालवणारं सॉफ्टवेअर.

२०१० साली नासा आणि सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी रॅकस्पेस यांनी मिळून हे सुरू केलं. ओपन सोर्स आहे, फुकट आहे. सर्नमध्ये, जिथे अणूहूनही बारीक कणांच्या टकरी लावतात, तिथे हेच प्रोसेसरचे लाखो कोअर सांभाळतं. म्हणजे गॅसच्या बटणाचे फोटो त्याला जड जाऊ नयेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिचं नाव पुढच्या इंग्रजी अक्षरावरून ठेवतात. पहिली ऑस्टिन, मग बेक्सार, कॅक्टस... मी इन्स्टॉल करायला घेतलं ते एका अक्षरावर आणि संपवलं ते पुढच्या.

ऑफिसने मोडीत काढलेले तीन सर्व्हर मी मागच्या खोलीत आणून मांडले. हे सर्व्हर माणसांच्या सहवासासाठी बनवलेले नसतात. चालू केले की आधी सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरून घेतात, मग वेग थोडा उतरतो, आणि त्या 'थोडा'वर आमच्यात आजही एकमत नाही.

ओपनस्टॅक हा एक प्रोग्रॅम असेल अशी माझी समजूत होती. ते अख्खं सरकारी कार्यालय निघालं. दारावर कीस्टोन. तो ओळख पटवून टोकन देतो, टोकनाशिवाय आत कुणी विचारत नाही. ग्लान्सकडे इमेजचं, म्हणजे नव्या मशीनच्या तयार साच्यांचं, कपाट, सिंडरकडे डिस्का, प्लेसमेंटकडे कुठे किती जागा उरली याची वही. न्यूट्रॉनकडे नेटवर्क. त्याचं आधीचं नाव क्वांटम होतं, ट्रेडमार्कच्या भानगडीत २०१३ साली बदललं. त्यामुळे जुन्या लेखांत उपाय सापडतो तो दुसऱ्याच्याच नावाने. आणि नोव्हा हे साहेब. ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोटातला आभासी कॉम्प्युटर, बनवतात. बनवतात म्हणजे वरच्या सगळ्यांना कामाला लावतात. प्रत्येक खात्यातली माणसं आपसात चिठ्ठ्या पाठवतात आणि त्या चिठ्ठ्या पोचवायचं काम रॅबिटएमक्यू नावाच्या सशाकडे. ससा मारायला निघालात तरी तयारी वाघाची ठेवा, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने बहुधा हा ससा इन्स्टॉल केला असावा.

पहिलं व्हर्च्युअल मशीन बनवायला सांगितलं. साहेबांनी उत्तर दिलं: 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड.' योग्य स्थळ मिळालं नाही. कुठलं स्थळ नाकारलं, का नाकारलं, अपेक्षा काय होत्या, काही नाही. मुलीच्या बापानेही यापेक्षा जास्त कारणं दिली असती. मी मेमरी तपासली, भरपूर. डिस्क मोकळी. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते पाहिलं. दोन रात्री लॉग वाचले. तिसऱ्या रात्री कळलं, की नवीन कॉम्प्युट नोड, म्हणजे ही मशीनं पोटात चालवणारा सर्व्हर, जोडला की नोव्हाला 'डिस्कव्हर होस्ट्स' अशी एक कमांड द्यावी लागते, म्हणजे जा आणि होस्ट शोधून काढ. सर्व्हर माझ्या गुडघ्याला टेकलेला. त्याच्या गरम हवेने माझी पँट फडफडत होती. पण नोव्हाच्या लेखी त्याचा अजून शोधच लागला नव्हता. कमांड दिली, शोध लागला, मशीन उभं राहिलं.

फोटोंचं पान सुरू झाल्यावर मी मोठ्या ऐटीत बायकोच्या हातात फोन दिला. वर 'आपले फोटो' हे शीर्षक, खाली रिकामे करडे चौकोन.

"फोटो कुठायत?"

"येतायत."

"कधी?"

मी पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी हाक मारली. पिंगला उत्तर लगेच. "हे बघ, मशीन जिवंत आहे!"

"जिवंत आहे रे, पण फोटो दाखवत नाहीये."

तिने बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. लहान बोलणं सुरळीत, मोठं काही मागितलं की मौन. दोन फाइलींचं फोल्डर उघडलं की यादी यायची, चारशे फोटोंचं उघडलं की पडदा थिजायचा. मग मी पॅकेटचा, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या डेटाचा, आकार एकेक बाइट वाढवत पिंग करत बसलो. १४२० गेलं. १४२१ गेलं. १४२२ गेलं. १४२३ गेलं नाही. पुन्हा केलं, नाही म्हणजे नाही.

भानगड अशी, की व्हर्च्युअल नेटवर्कचं प्रत्येक पॅकेट बाहेर पडताना व्हीएक्सलॅनच्या दुसऱ्या पाकिटात घालतात आणि त्या पाकिटाचंच वजन ५० बाइट. बाहेरच्या तारेवर १५०० मावत असतील तर आतल्याने १४५०च पाठवायचे. त्यातले २८ पिंगच्या आणि आयपीच्या मथळ्यांचे, उरले १४२२. न्यूट्रॉन ही वजाबाकी स्वतः करून प्रत्येक मशीनला कळवतो. पण मी नेटवर्कची फाइल जुन्या कॉम्प्युटरवरून तशीच उचलून आणली होती आणि तीत स्वहस्ते १५०० लिहिलेलं होतं. म्हणजे न्यूट्रॉनचं गणित पक्कं, माझंच कच्चं. दोष सॉफ्टवेअरचा निघाला असता तर इतकं लागलं नसतं.

हे सगळं मी वहीच्या एका पानावर टिपत गेलो. त्यातच, एकदा वीज गेल्यावर डेटाबेस उठेना तेव्हा रात्रभर जागून शोधलेला उपायही. पुढे ते पान नीट टाइप केलं, आपल्याच क्लाउडवर ठेवलं आणि कागद टेबलावरच्या रद्दीत टाकला. आता कागद कशाला?

गरजेल तो पडेल काय, अशी म्हण आहे. आमचा हा ढग दिवसरात्र गरजायचा आणि पडायचाही. परवा पुन्हा वीज गेली. वीज आली तेव्हा तिन्ही सर्व्हर जोमाने गरजले, पण कीस्टोन कुणालाच ओळखेना, मलासुद्धा. त्याची ओळखीची यादी डेटाबेसात असते आणि डेटाबेस तिन्हींवर मिळून गॅलेरा क्लस्टरमध्ये चालतो, म्हणजे प्रत्येकाकडे त्याची एकेक प्रत. तिघे एकदम गेले, की परत आल्यावर आधी कुणी उठायचं हे ठरत नाही. प्रत्येकाकडच्या फाइलीत 'सेफ टू बूटस्ट्रॅप: ०'. म्हणजे मी पहिला नाही, तू हो. दुसरा म्हणतो तू. तिसरा म्हणतो मी कशाला. यातला सर्वांत ताजा डेटा कुणाकडे ते शोधून फक्त त्याचा ० बदलून १ करायचा असतो. पण ते शोधायची कमांड कुठली? ती टिपणात होती. टिपण क्लाउडवर होतं.

मी रद्दी उपसायला लागलो. ती आधीच गेली होती.

"तो रेघारेघांचा कागद का?" बायकोने दारातून विचारलं. "त्याचा फोटो आहे माझ्याकडे. टाकायच्या आधी काढून ठेवला होता."

"कुठे ठेवलास?"

"जुन्याच ठिकाणी. मी तेव्हाच मोठा प्लॅन घेतला ना."

फोटो एका झटक्यात उघडला. करडे चौकोन वगैरे काही नाही. माझं गिचमिड अक्षर, कोपऱ्यात तिचा अंगठा. कमांड वाचली, चालवली, दुसऱ्या सर्व्हरचा आकडा सर्वांत पुढे निघाला. त्याच्या फाइलीत ० खोडून १ केला. बाकीचे दोघे मागोमाग उठले आणि कीस्टोनने मला ओळख दाखवली.

बायको वाकून स्क्रीन बघत होती.

"हाच का तो एक?"

"हाच."

तिने त्याचा फोटो काढून घेतला.