दा विंची कोडवर मत कसं द्यावं

'द दा विंची कोड' वाचून झालं म्हणजे सगळं झालं असं समजू नका, खरी मेहनत पुढे आहे, चारचौघात त्याच्याबद्दल बोलायचं कसं. २००३ साली आलेलं डॅन ब्राउनचं रहस्यकादंबरीचं पुस्तक, ८ कोटींच्या वर प्रती खपल्या म्हणतात, आणि मजा बघा, ते मनापासून आवडलं म्हणणारा माणूस आपल्याला काही भेटत नाही. तेव्हा तुम्हीही तो होऊ नका.

सगळ्यात आधी 'वाचलं' म्हणायचं नाही, 'चाळलं' म्हणायचं. फार कामाचा शब्द आहे हा. १०५ प्रकरणं आहेत, बरीचशी दोन-चार पानांची, आणि बहुतेकांच्या शेवटी कुणीतरी काहीतरी बघतं आणि हादरतं, काय बघितलं ते मात्र लेखक सांगत नाही, मग तुम्ही 'एवढं एकच प्रकरण' म्हणत म्हणत पहाटेचे तीन वाजवलेत, मध्ये उठून आवाज न करता चहासुद्धा केलात, हे बायकोला माहीत असलं तरी ग्रुपवर कळायची काही गरज नाही.

मग भाषेवर घसरा. पात्रं पुठ्ठ्याची आहेत, असं म्हणा. हे खरंही आहे म्हणा, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात खून पडलाय, पोलीस नायकावरच टपलेत, आणि हे नायक प्रोफेसर लँग्डन जिना उतरता उतरता आपलं १.६१८ वरचं, म्हणजे 'सुवर्ण गुणोत्तरा'वरचं जुनं लेक्चर आठवतायत! एवढं बोलून झालं की एक उसासा टाका आणि 'साहित्यमूल्य' हा शब्द सोडून द्या. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही, निर्धास्त राहा.

एखादा शहाणा म्हणालाच की 'पण माहिती किती आहे राव त्यात', तर त्याला तिथंच गाठायचा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रायरी ऑफ सायन ही १०९९ सालची खरीखुरी गुप्त संघटना आहे असं ठोकून दिलंय. प्रत्यक्षात प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थानं १९५६ साली फ्रान्समध्ये ती रीतसर नोंदवली, आणि तिचा जुना इतिहास सांगणारी बनावट कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली गेली. हे असं सांगा की जणू शाळेपासून माहीत होतं, पुस्तक संपवल्या दिवशी रात्री फोनवर काय काय शोधलंत ते डिलीट करा. आणि हो, 'दा विंची' हे आडनाव नाहीच, विंची गावचा एवढाच अर्थ, अभ्यासक नुसतं लिओनार्दो म्हणतात, हेही ऐकवा. आपल्याकडे गावाला 'कर' लावला की आडनाव तयार, पण तो मुद्दा तुम्ही काढू नका, वाद हातचा जाईल.

येशूचं लग्न झालं होतं असं पुस्तकात म्हटलंय, त्यावरून दुखावलेल्या धार्मिक भावनांवर मत द्यायचं असेल तर आधी पुस्तकावरचा सिनेमा बघू नका. २००६ साली गोव्यात त्यावर बंदी आली तेव्हा दोन्ही बाजूंनी जोरात बोलणाऱ्यांची अशीच सोय झाली होती, बघायलाच मिळाला नाही तर मत बदलायचा धोकाच नाही.

पॅरिसला गेलात तर सॅं-सुल्पीस चर्चमधल्या, कादंबरीत आलेल्या पितळी रेघेपाशी फोटो काढायला विसरू नका. ही कुठल्या प्राचीन देवळाची खूण वगैरे नाही अशी पाटी त्या चर्चला कादंबरीपायी लावावी लागली होती. तुम्ही आपला फोटो टाका आणि खाली लिहा, 'सगळं थोतांड'. रेघ बघायला मुद्दाम दोन स्टेशनं चालत आलात ते लिहू नका.

आता एवढं करूनही कधी तोल गेला, 'पण पकडून ठेवतं हां' असं तोंडून निसटलंच, तर लाजू नका. ब्राउननं आपली कल्पना ढापली म्हणून दुसऱ्या दोन लेखकांनी लंडनच्या कोर्टात २००६ साली दावा लावला होता. ते हरले, पण न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी चक्क निकालपत्रातच तिरप्या अक्षरांत स्वतःचा एक कोड लपवून ठेवला! जजसाहेबांनीही बहुतेक चाळलंच असणार.

शेवटी प्रतीचं काय करायचं. कुणाला तरी देऊन टाका, जगभर हेच चाललंय, वेल्समधल्या स्वान्सीच्या ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेच्या, दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला २०१७ साली लोकांना सांगावं लागलं की बाबांनो, हे पुस्तक आता आणू नका. फक्त देण्याआधी शेवटची पन्नासेक पानं नीट बघून घ्या, तिथं चहाच्या कपाचा गोल डाग असेल. चाळलेल्या पुस्तकात कप तिथवर पोचत नाही.