चाळीस मिनिटं बटण का दाबलं नाही : मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला, घरी जाऊन पुन्हा वाचला. एकच तारा दिलात. आधी माफी मागतो. फरशीवर काळं पाणी सांडलं ती आमची चूक. पंपाचं झाकण फिरवण्याआधी खाली ट्रे सरकवायचा असतो, आमच्या मेकॅनिकने नुसतं फडकं टाकलं. आणि तुमचं वॉशिंग मशीन अकरा दिवस दुकानात होतं, त्यातले मधले तीन दिवस तुम्हाला फोन गेला नाही. तुम्हाला दोनदा स्वतःहून करावा लागला. हेही चुकलंच.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "आल्यापासून चाळीस मिनिटं बटणसुद्धा दाबलं नाही, थेट मागचा पत्रा खोलायला घेतला. म्हणजे बिल वाढवायचं आधीच ठरलेलं." ते वाक्य मनाला लागलं. चाळीस मिनिटं लागली, नाही म्हणत नाही. मी स्वतः तिथे होतो.

ताई, जे मशीन बरेच दिवस बंद पडून आहे त्याचं बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. आधी प्लग काढायचा, मागचा पत्रा उघडायचा आणि वायरी बघायच्या. उंदीर खालून शिरतात, इन्शुलेशन कुरतडतात. तुमच्याकडे लेंड्या निघाल्या, वायरी सुदैवाने शाबूत होत्या. मग पुली, म्हणजे ड्रम फिरवणारं मागचं चाक, हाताने फिरवायची. तुमची फिरत होती, पण खरखर ऐकू येत होती. पुलीच्या खाली टबवर तपकिरी ओघळ उतरलेला होता, तो मी तुम्हाला टॉर्च मारून दाखवलाही. मशीन पडून राहिलं की ऑइल सीलचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्याचं, रबर कडक होतं, त्यातून पाणी ड्रम ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये जातं, गंज धरतो आणि ते गंजाचं पाणी असं मागून उतरतं. हे बटण दाबून कळत नाही. उलट त्या अवस्थेत स्पिनला लावलं तर बेअरिंगचं उरलंसुरलं आयुष्यही जातं.

त्यानंतर हीटर. लोकांना वाटतं हीटर म्हणजे नुसती तार. पण ती तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ती ओल ओढून घेते. हीटर रोज तापत असेल तर ओल टिकत नाही, वर्षानुवर्षं थंड पडला की आत मुरत जाते. मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचं मीटर, लावला तर निदान 1 मेगाओम तरी दाखवायला हवा. तुमच्या हीटरला काटा शून्यावरून हलेना. म्हणजे करंट सरळ मशीनच्या बॉडीत. घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की घरची लाइट तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो म्हणून ठीक. तो नसता आणि अर्थिंगही धड नसतं, तर मशीनला हात लावणाऱ्याचं काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

आता जे लिहू की नको असा विचार सकाळपासून करतोय, ते लिहितो. फोनवर तुम्ही "सहा-सात महिने वापरलं नाही, तेव्हापासून हातही लावला नाही" असं म्हणाला होतात. पंपाच्या फिल्टरमधून एक मोजा निघाला, माझ्या अंगठ्याएवढा, पंख्याभोवती घट्ट गुंडाळलेला. तो बघून तुमच्या सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, अगं हा तर बाळाच्या पहिल्या वर्षाचा. बाळ तेव्हा दप्तर घेऊन शाळेतून आलं होतं! तेव्हा सहा-सात महिने कसे, ते तुम्हीच सांगा. आणि ते काळं पाणी. इतके दिवस बंद असलेल्या मशीनमधलं पाणी बहुतेक आटून जातं, खाली नुसता गाळ उरतो. म्हणून मेकॅनिकने ट्रे घेतला नाही. आतून पाणी आलं कुठून, याचा उलगडा तिसऱ्या दिवशी झाला. तुमच्या साहेबांचा फोन आला, ते सहज बोलून गेले की आम्ही येण्याच्या आदल्या रात्री गरम पाण्याचा प्रोग्रॅम दोनदा लावून पाहिला होता आणि दोन्ही वेळा घरभर अंधार झाला. मग बटण दाबून आम्ही नवीन काय बघणार होतो? तिसऱ्यांदा अंधार?

एवढं पहिल्याच फोनवर कळलं असतं तर चाळीसची वीस मिनिटं झाली असती, आणि फरशीही वाचली असती. ट्रे घ्यायला हवा होता, ते वर म्हटलंच आहे.

"रोज नवीन बिघाड काढत गेले" असंही तुम्ही लिहिलंय. ताई, बेअरिंग-सील, हीटर आणि पंप हे तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून तुमच्या हातात दिलं होतं. दिवस का लागले तेही सांगतो. हीटर लगेच बदलला नाही, आधी वाळवून बघितला. कधीकधी वाळवल्यावर रीडिंग वर येतं आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाचतो. दोन दिवस थांबलो, रीडिंग आलं नाही, मग नवीन टाकला. बाकीचे दिवस सीलमध्ये गेले. एवढ्या जुन्या मॉडेलचं सील दुकानात तयार पडलेलं नसतं, आणि जवळपासच्या मापाचं बसवलं तर महिन्या-दोन महिन्यांत परत तोच ओघळ. तसं मी करत नाही.

बेल्टला भेगा नव्हत्या, तोच ठेवला. मोटरचे कार्बन, म्हणजे आत घासून झिजणारे तुकडे, अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, तेच ठेवले. दाराच्या गॅस्केटला, म्हणजे रबरी कड्याला, काळी बुरशी होती, ती घडी उलटून आतून कपड्याने घासून काढली, नवीन गॅस्केट लावलं नाही. पंपसुद्धा नवीन टाकला नाही, मोजा आणि चिकटलेली पावडर काढल्यावर जुनाच फिरला. पाण्याच्या नळीच्या तोंडाची जाळी क्षाराने भरली होती, ती साफ केली, ते बिलात धरलेलंच नाही. बिल वाढवायचं ठरवलेला माणूस असं करतो का?

आमचं काम एकमेकांच्या सांगण्यावरून चालायचं. आता लोक आधी तारे बघतात, आणि तुमचा अभिप्राय सगळ्यात वर दिसतो. आजच एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "तुम्ही न बघताच खोलता का हो?"

यापुढे खोलण्याआधी काय करतोय ते नीट समजावून सांगायला मेकॅनिकला सांगितलं आहे, फोनचंही बघतो. ट्रे आता बॅगेतच ठेवायला लावलाय.

मशीनचं दार वापर झाल्यावर उघडं ठेवत जा, म्हणजे गॅस्केट सुकतं. आवाज आला किंवा खाली पाणी दिसलं तर आधी प्लग काढा आणि मला फोन करा, मी स्वतः येईन. तारा एकच राहू द्या, वेळ लागला आणि फरशी खराब झाली त्याचा तो असू दे. फक्त "बिल वाढवायचं आधीच ठरलेलं" एवढं एक वाक्य काढता आलं तर बघा.