आवाजाच्या बटणासाठी अवयवदान

रिमोट बिघडला की पहिला उपचार ठरलेला असतो: थप्पड. एक मांडीवर, दोन तळहातावर. ती कधीकधी लागूही पडते, म्हणून तर ही उपचारपद्धती टिकून आहे. धक्क्याने सेल जागच्या जागी जरासा फिरतो, सेलला टेकणाऱ्या पत्रीवरचा मळ खरवडला जातो आणि रिमोट दोन दिवस शहाण्यासारखा वागतो. तसं पाहिलं तर मारझोड रिमोटच्या घराण्यातच आहे. 1956 साली आलेल्या झेनिथ या अमेरिकन कंपनीच्या ‘स्पेस कमांड’ रिमोटमध्ये सेल नव्हतेच; बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर पडायची आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या त्या आवाजावर टीव्ही चालायचा. आताच्या रिमोटला मात्र मारण्याआधी निदान निदान तरी करावं, एवढंच माझं म्हणणं.

त्याला मोबाइल पुरतो. कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. रिमोटच्या एलईडीतून साधारण 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा वापरून बघा, कारण असे किरण अडवणारा फिल्टर मागच्या कॅमेऱ्यात बहुधा जास्त कडक असतो. सगळी बटणं लुकलुकली तर रिमोटची माफी मागा आणि टीव्हीकडे वळा. एकही लुकलुकलं नाही तर सेल, पत्र्या किंवा पडून पडून सुटलेलं सोल्डरिंग. आणि फक्त पॉवर आणि आवाजाचं बटण मेलं असेल, तर रोग झिजेचा. आता उघडायचं.

आधी सेल काढायचे. स्क्रू असला तर सेलच्या खणात असतो, नाहीतर लेबलाखाली लपलेला. लेबलावरून बोट फिरवलं की खड्डा लागतो. स्क्रूच नसेल तर दोन अर्धुकं कडेच्या खाचांनी एकमेकांत अडकलेली असतात. सुरी घेऊ नका. सुरी आधी प्लॅस्टिकमध्ये आणि मग अंगठ्यात जाते. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सेलच्या बाजूने फटीत सरकवायचं आणि हळूहळू पुढे न्यायचं. ‘कट्’ असा आवाज येतो. खाच सुटल्याचा आवाज आणि खाच तुटल्याचा आवाज यांत काडीचाही फरक नसतो, ही रिमोट बनवणाऱ्यांची विनोदबुद्धी.

आत असतं काय, तर एक रबरी शीट आणि एक सर्किट बोर्ड. प्रत्येक बटणाच्या पोटाशी कार्बनची काळी टिकली. तिच्या खाली बोर्डावर एकमेकांत घुसलेल्या, पण न टेकणाऱ्या दोन फण्या. टिकली फण्यांवर बसली की जोडणी पूर्ण. या दोघींमध्ये चिकट, तेलकट थर दिसतो आणि घरातले एकमेकांच्या बोटांकडे संशयाने पाहू लागतात. आरोप अर्धाच खरा आहे. बोटांचं तेल असतंच, पण सिलिकॉन रबरही वर्षानुवर्षं आपलं तेल पाझरत असतं.

रबर कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकून धुवा आणि खडखडीत वाळवा. चार तास तरी द्या. बोर्डाला पाणी नको. तिथे 90 टक्क्यांहून कडक आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीवर, हलक्या हाताने. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं. सँडपेपर तर नकोच नको, कारण कित्येक बोर्डांवरच्या फण्यासुद्धा कार्बनने छापलेल्या असतात. उत्साहाने घासाल तर स्वच्छ बोर्ड मिळेल, रिमोट नाही.

सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर पत्रीवर जरासं व्हिनेगर, मग अल्कोहोल. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते, म्हणून उतारा आंबट हवा. नवा-जुना सेल जोडीने घालू नका. जुना आधी संपतो आणि गळतो.

धुऊनही बटण ढिम्म असेल तर टिकलीच झिजली. 6बी पेन्सिलीने ती काळी करणं म्हणजे केसांना कलप. काही दिवस खपतं. ॲल्युमिनियम फॉइलचा 3-4 मिलिमीटरचा तुकडा चिकटवणं जास्त टिकाऊ, पण कड उचकटून शेजारच्या फणीला टेकली तर आवाज वाढवताना चॅनल बदलतं.

माझी पसंती अवयवदानाला. बऱ्याच रिमोटवर लाल, हिरवी, पिवळी, निळी अशी चार बटणं असतात, जन्मल्यापासून कुणी हात न लावलेली. त्यातल्या एकाची टिकली धारदार ब्लेडने पातळ कापून काढायची. झिजलेल्या टिकलीचा तेवढाच थर छाटायचा, नाहीतर नवी टिकली उंच होऊन बटण दाबलेलंच राहतं. मग सिलिकॉन सीलंटचा मोहरीएवढा ठिपका देऊन ती बसवायची. झटपट चिकटणारा गोंद सिलिकॉनला नीट धरत नाही. 24 तास सुकू द्यायचं, झाकण लावण्याआधी सेल घालून कॅमेऱ्यात लुकलुक बघायची, मगच कडा दाबायच्या.

आणि त्याच संध्याकाळी घरातलं कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा ते पिवळं बटण दाबून विचारतं, “हे का चालत नाहीये?”