जे. सी. डॅनियल आणि 'पडलेल्या' चित्रपटाची गोष्ट

मल्याळम चित्रपटाचे जनक जे. सी. डॅनियल यांच्याविषयी एक मजकूर बराच फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डॅनियल हे हौशी गृहस्थ होते, त्यांनी जमीन विकून 'विगतकुमारन' हा देशातला पहिला सामाजिक चित्रपट काढला, तो पडला, त्यांनी सिनेमा सोडला आणि लोक त्यांना विसरले, शिवाय तो मूकपट असल्यामुळे आणि डॅनियल तमिळ असल्यामुळे मल्याळम चित्रपटाची सुरुवात १९३८ सालच्या 'बालन' या बोलपटापासूनच धरावी. यात कौतुक आणि अन्याय असे एकमेकांत मिसळले आहेत की एकेक विधान सुटे करूनच पाहावे लागते.

'पहिला सामाजिक चित्रपट' हे कौतुक मराठी वाचकाला तरी पटायला नको. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा आणि बंगालमधला धीरेन गांगुलींचा 'बिलात फेरत' त्याच्याही आधीचा, १९२१ चा. 'विगतकुमारन' १९२८ मध्ये प्रदर्शित झाला की २३ ऑक्टोबर १९३० रोजी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कोणतेही साल धरले तरी हा मान त्याच्याकडे जात नाही. डॅनियल यांचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही.

'हौशी' हा शब्द मात्र मला फार खटकतो. मद्रासच्या स्टुडिओंत शिरकाव मिळेना, तेव्हा ते मुंबईला गेले आणि आपण शिक्षक आहोत, विद्यार्थ्यांना सिनेमा समजावून द्यायचा आहे, असे सांगून त्यांनी तिथले कामकाज जवळून पाहून घेतले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. १९२६ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या पट्टम भागात 'त्रावणकोर नॅशनल पिक्चर्स' उभी केली. पुढे या एका चित्रपटाची निर्मिती, लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन त्यांनीच केले आणि नायकाची भूमिकाही केली. इतकी कामे शिकून घेऊन, वडिलोपार्जित जमीन विकून उतरलेल्या माणसाला हौशी म्हणणे योग्य नाही.

आता मुख्य विधान: चित्रपट पडला. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात पहिल्या खेळाच्या दिवशी काय घडले, ते सांगितल्याशिवाय 'पडला' हे क्रियापद वापरूच नये. पी. के. रोझी ही पुलय या दलित समाजातली, लोकनाट्यात काम करणारी तरुणी या चित्रपटात सरोजिनी नावाच्या नायर या सवर्ण समाजातल्या स्त्रीच्या भूमिकेत होती. पहिल्या खेळाला तिला स्वतःला थिएटरात बसू दिले गेले नाही. पडद्यावर नायकाने तिच्या केसांतले फूल घेऊन त्याचे चुंबन घेतले, तेव्हा प्रेक्षागृहातून दगड आले आणि पडदा फाटला. पुढे रोझीचे घर जाळले गेले आणि तिला गाव सोडून पळावे लागले. खेळ उधळणाऱ्यांचा राग पात्रावर नव्हता, ते पात्र साकारणाऱ्या मुलीच्या जातीवर होता. याला आपटी खाणे म्हणत नाहीत. हा चित्रपट पुन्हा कुठे लागलाच नाही, असेही नाही. आलप्पुळा, कोल्लम, त्रिशूर, तलश्शेरी, नागरकोविल येथे तो दाखवला गेला, पण घातलेले पैसे परत आले नाहीत आणि डॅनियल यांना स्टुडिओ बंद करून सामग्री विकावी लागली.

त्यांनी सिनेमा सोडून दिला, हेही अर्धेच खरे आहे. पोटासाठी ते दंतवैद्य झाले. पण तमिळ नट पी. यू. चिन्नप्पा यांच्या आग्रहावरून मद्रासला जाऊन त्यांनी पुन्हा चित्रपटात पैसे घातले आणि उरलेसुरलेही गमावले.

मूकपटाला भाषा नसते, हा युक्तिवाद आपल्याला लावून पाहा. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. ही कसोटी मानली, तर दादासाहेब फाळके आणि १९१३ हे साल मराठी चित्रपटाच्या इतिहासातून गाळावे लागेल, आणि ते आपण कधीही मान्य करणार नाही.

राहिला तमिळपणाचा मुद्दा. डॅनियल जन्मले ते अगस्तीश्वरम हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते गाव ज्यात आहे तो कन्याकुमारी जिल्हा मद्रास राज्यात गेला. गाव जागचे हलले नाही, सीमा हलली. सीमाभागात नातलग असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पत्रकार चेलंगाट्ट गोपालकृष्णन यांनी डॅनियल यांच्या कार्याचा शोध घेऊन त्यांच्यासाठी लेखणी झिजवली, तरी वृद्ध कलावंताचे निवृत्तिवेतन नाकारताना केरळ सरकारने हीच सीमा पुढे केली.

आज केरळ सरकारचा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान जे. सी. डॅनियल यांच्याच नावाने दिला जातो. तो १९९२ मध्ये सुरू झाला. डॅनियल २७ एप्रिल १९७५ रोजीच अगस्तीश्वरमला वारले होते.