वैद्याचा भाऊ

"खरं असेल ते लोकांना आज ना उद्या पटतंच." हे वाक्य हल्ली मला इतक्या चांगल्या माणसांकडून ऐकायला मिळतंय की त्यावर नीट लिहायला बसलेय. बोलणारी माणसं प्रामाणिक आहेत, वाचणारी आहेत, राजकारणातल्या खोटेपणाला उबगलेली आहेत. त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय की आपण आपलं खरं धरून राहायचं. कुणाला पटवत बसणं हे पुढाऱ्यांचं आणि जाहिरातवाल्यांचं काम, आपण त्यात हात घालायचा नाही.

मला हे मुळीच मान्य नाही. खरं आपोआप पटत नाही. ते कुणीतरी पटवावं लागतं, त्यासाठी उन्हातान्हात फिरावं लागतं, अपमान गिळावे लागतात. आणि हे काम भल्या माणसांनी सोडलं की ती जागा मोकळी राहत नाही, दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

हा वाद जुना आहे. इसवीसनापूर्वी ४२७ साली सिसिलीतल्या लिओन्तिनी नावाच्या गावाचा दूत म्हणून गॉर्जियस हा वक्तृत्व शिकवणारा माणूस अथेन्सला आला आणि त्याच्या वक्तृत्वानं शहर भारावून गेलं. पुढे प्लेटोनं त्याच्याच नावाचा एक संवाद लिहिला. त्यात गॉर्जियस सॉक्रेटिसला सांगतो की माझा भाऊ हेरोडिकस वैद्य आहे. रोगी औषध प्यायला तयार नसतो, डागून घ्यायला, कापून घ्यायला तयार नसतो. वैद्याचं कुणी ऐकत नाही. मग मी जातो आणि नुसत्या बोलण्यानं त्याला तयार करतो.

इथपर्यंत मला गॉर्जियस आवडतो. औषध बरोबर आहे, वैद्य जाणकार आहे, तरी रोगी मरतोय, कारण त्याच्याशी बोलता येणारा माणूस तिथे नाही. हे आपण सगळ्यांनी आपापल्या घरात पाहिलंय. पण गॉर्जियस तिथे थांबत नाही. लगेच पुढे म्हणतो, सभेत वैद्य आणि वक्ता दोघे उभे करा आणि वैद्य म्हणून कुणाला नेमायचं ते लोकांना ठरवू द्या, लोक वक्त्यालाच निवडतील. रोग्याला औषध पाजणारी कला दोन वाक्यांत वैद्याला हुसकावून त्याची खुर्ची घेते. राजकारणाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय.

सॉक्रेटिसनं त्याला काय उत्तर दिलं त्याकडे येतेच. आधी एक घरची गोष्ट सांगते.

आमचं गाव महाडच्या वरच्या अंगाला. माझ्या लहानपणी एका पावसाळ्यात शेजारच्या घरात जमिनीवर झोपलेल्या पोराला रात्री मण्यार चावली. मण्यारीचा दंश फसवा असतो. सूज नाही, फारसं दुखणं नाही, बारीकसे दात लागतात. मग पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, जीभ बोलेनाशी होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घरच्यांनी भगताला बोलावलं. भगत म्हणाला, जागेवरून हलवायचं नाही, हलवलं तर विष चढेल. शहरात शिकणारा एक जण तावातावानं सांगत होता की मंत्रानं काही होत नसतं, ही अंधश्रद्धा आहे. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. घरचे मात्र भगताच्या आणखी जवळ सरकत होते.

माझी आजी पुढे झाली. तिनं भगताला विचारलं, "भगतबुवा, मंतर गाडीत म्हनला तर लागू पडत नाय का?" तो म्हणाला, "पडतो की." "मग बसा गाडीत. पोराचं डोकं तुमच्याच मांडीवर घ्या."

मिनीडोर निघाली. भगत वाटभर पुटपुटत होता. दवाखान्यात सर्पविषावरची लस टोचली आणि मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवशी भगत गावात सांगत फिरला की मंत्रानं काम केलं. ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण माझ्या विवेकवादी मित्रांचा आक्षेप नेमका इथेच आहे. ते म्हणतात, आजीनं पोर वाचवलं पण खोटं जिवंत ठेवलं. आक्षेपात तथ्य आहे, त्या पोराच्या वाचण्याचं श्रेय गावातली काही माणसं आजही मंत्रालाच देतात. पण आजीनं त्या रात्री एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. मंत्रानं बरं वाटतं असं ती म्हणाली नाही. तिनं भगताच्याच मान्यतेतून एक प्रश्न काढला आणि उत्तर त्याच्याच तोंडून घेतलं. भगत श्रेय घेऊ लागला तेव्हाही ती चारचौघांत एवढंच म्हणाली, "बरं, मग फुडच्या टायमालाबी गाडीतच म्हना." तिचा डाव सगळ्यांना दिसत होता. भगतालाही. दिसूनही तो चालला.

यातून मला एक कसोटी सापडली आहे आणि आता मी ती सगळीकडे लावते. एखाद्यानं आपल्याला काही पटवलं, तर त्यानं ते कसं पटवलं हे उघड झाल्यावरही ते पटलेलं राहतं का? राहत असेल तर तो माणूस आपल्याशी माणसासारखा वागला. युक्ती उघडी पडताच पटलेलं गळून पडत असेल, तर आपल्याला हाकत नेलं होतं.

बुवाबाजीच्या विरोधात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम ज्यांनी शाळेत किंवा जत्रेत पाहिलेत त्यांना आठवेल. कार्यकर्ता नारळावर पाणी शिंपडतो आणि नारळ पेट घेतो. जिभेवर पेटता कापूर ठेवतो. काडी न ओढता होम पेटवतो. इथपर्यंत बुवा आणि तो यांच्यात काहीच फरक नाही. फरक पुढे आहे. तो सांगतो की शेंडीत सोडियमचा खडा होता, होमात पोटॅशियम परमँगनेट आणि वरून सोडलेलं तूप म्हणजे ग्लिसरीन होतं. मग समोरच्या गर्दीतून कुणाला तरी पुढे बोलावतो आणि कापूर त्याच्या जिभेवर देतो. बुवा हे कधीच करू शकत नाही. ज्या दिवशी करेल त्या दिवशी त्याचा मठ बंद पडेल.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागले तो दिवस माझ्या वयाच्या सगळ्यांना लख्ख आठवत असेल. लोकांच्या हातात मोबाईल नव्हते, व्हॉट्सॲप नव्हतं, तरी दिल्लीत सकाळी सुरू झालेली बातमी दुपारपर्यंत देशभर आणि परदेशातल्या देवळांतही पोहोचली. म्हणजे अफवेचा वेग हा फोनमधल्या ॲपनं आणलेला रोग नव्हे. त्या दिवशी शास्त्रज्ञांनी केलेली गोष्ट साधी होती. दुधात रंग मिसळला. मग पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून खाली ओघळताना डोळ्यांना दिसलं. ज्याला शंका होती त्यानं घरच्या चमच्यानं करून पाहावं, इतकं ते उघड होतं.

आता सॉक्रेटिसचं उत्तर. तो म्हणतो, पाकशास्त्राचं औषधशास्त्राशी जे नातं तेच वक्तृत्वाचं न्यायाशी. एक जिभेला गोड लागतं, दुसरं शरीराला हितकारक असतं, आणि पहिलं दुसऱ्याचा वेष घेऊन फिरतं. पुढे तो म्हणतो की माझ्यावर खटला झाला तर तो लहान मुलांच्या न्यायसभेपुढे वैद्यावर आचाऱ्यानं भरलेल्या खटल्यासारखा असेल. वैद्य म्हणेल मी कडू औषध दिलं ते तुमच्या भल्यासाठी, आणि मुलं ओरडतील. प्लेटोनं हे लिहिलं तेव्हा इसवीसनपूर्व ३९९ चा खटला होऊन गेला होता, सॉक्रेटिसनं विषाचा प्याला घेतला होता. त्या वाक्यामागचं दुःख मला कळतं.

पण लोकांना लहान मूल ठरवण्याशी माझं भांडण आहे. त्याच संवादात सॉक्रेटिस सांगतो की मी ज्या एका माणसाशी बोलतोय तेवढाच साक्षीदार मला उभा करता येतो, जमावाशी मी बोलतच नाही. प्रश्न विचारून माणसाच्याच तोंडून उत्तर काढायची त्याची रीत एकावेळी एकालाच लागू पडते असं तो धरून चालतो.

गाडगेबाबांचं कीर्तन त्याला ऐकायला मिळालं असतं तर? हजारोंचा जमाव, अठरापगड जातींचा, बहुतेक निरक्षर. बाबा उपदेश करत नसत, प्रश्न विचारत. साधे, रोजच्या जगण्यातले, हो-नाहीत उत्तर देता येतील असे. कर्ज काढून सण करावा का, नवसाला मुकं जनावर कापावं का, पोराला शाळेत घालावं का. जमाव उत्तर देई, बाबा त्या उत्तराला पुढचा प्रश्न जोडत, आणि शेवटी लोकांना आपल्याच उत्तरांची बेरीज समोर दिसे. सॉक्रेटिसचीच रीत, पण चावडीपुढे आणि शेकडो तोंडांनी एकदम. आणि ते ज्याच्या नावानं बोलत तो देव त्यांनी त्या लोकांकडून हिसकावला नाही, "गोपाला गोपाला"चा गजर त्यांच्याच सोबत केला. १९५६ साली बाबा गेले. महाराष्ट्रात धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं ठेवून गेले. जमावाशी खरं बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी याचा हिशेब द्यावा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं काम मी याच ओळीत बघते. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी नव्वदच्या दशकातली. वारकऱ्यांपासून अनेकांना भीती घातली गेली की हा कायदा आला तर वारी बंद, कीर्तन बंद, सत्यनारायण घातला की अटक. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. मसुदा पुन्हा पुन्हा बदलला गेला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला.

कायदा एकदा वाचा, छोटा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच लिहिलंय. अनुसूचीत गुन्हे बारा. त्यातला एक कुत्रा, साप, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करण्याचा. मंत्र म्हणणं हा गुन्हा नाही, उपचार अडवणं हा आहे. हे वाचताना मला आजी आठवली. तिनं भगताशी जो सौदा केला तोच विधिमंडळानं अनेक वर्षांच्या भांडणानंतर कागदावर उतरवला. काही कडव्या मित्रांना हा कायदा मिळमिळीत वाटतो. मला तो महाराष्ट्रानं केलेल्या शहाण्या कामांपैकी एक वाटतो, कारण समोरच्याची भीती खरी आहे असं धरून तो लिहिलाय.

आता निवडणुकीच्या भाषणांना ही कसोटी लावून बघा. "उत्पन्न दुप्पट केलं" असं व्यासपीठावरून सांगतात. कुठल्या वर्षापासून मोजलं? महागाई वजा केली का? एवढे दोन प्रश्न उघडे केले की टाळ्या टिकतात का ते पाहा. विरोधकाच्या भाषणाचे नऊ सेकंद कापून फिरवतात. आधीचा अर्धा मिनिट जोडला की राग टिकतो का?

मी ज्यांना मत देते त्यांच्याही समर्थकांना मी हेच विचारते आणि त्यावरून मैत्रीत खटके उडतात. मला सांगतात, समोरचे रोज खोटं बोलतात, आपणच का हात बांधून घ्यायचे? कारण खोट्यानं पटवलेला माणूस आपला होत नाही. त्याची पारख बोथट होते, एवढंच. उद्या अधिक मोठ्यानं खोटं बोलणारा आला की तो सहज तिकडे जातो, आणि त्याला तशी सवय आपणच लावलेली असते.

१ जुलै २०१८ चा राईनपाडा मी विसरू शकत नाही. धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा, मूल परत आणून सोडणारा तिचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादा ठीकच आहे, पण १९९५ सालच्या गणपतींना फोनची तारही पुरली होती.

संतापलेल्या जमावाला त्या दुपारी कुणी पटवू शकलं असतं असं मी म्हणणार नाही. पटवायला वेळ लागतो आणि ते आधी करून ठेवावं लागतं. आजीचं त्या रात्री ऐकलं गेलं, कारण त्याआधीची कित्येक वर्षं ती त्याच माणसांच्या बाळंतपणांना आणि मयताला गेली होती. शहरात शिकणारा पोरगा फक्त बरोबर होता.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडच्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे. येत्या ग्रामसभेत एक विषय घ्यायला लावा. परिसरातल्या भगतांना, देवऋषींना प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलवा, आरोपी म्हणून नव्हे, मानानं, चहा देऊन. लशीची कुपी त्यांच्या हातात द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं दाखवा. बिनविषारी सापच जास्त चावतात, आणि मंत्रानं बरी झालेली बहुतेक माणसं तीच असतात, हेही स्पष्ट सांगा. ते चिडतील, वाद घालतील. घालू द्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या वादासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवावी, आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, चालकाचा नंबर काय, हे त्याच बैठकीत भगतांच्या घराच्या भिंतीवर लिहून घ्यायचं ठरवावं.